बुडबुडे बघण्याचं काम

शिरगावच्या त्या बंद खाणीत उतरणारा रस्ता सरळ पाण्यात जातो. वळत नाही, थांबत नाही, कडेला कठडाही नाही. ट्रकांच्या चाकांनी दाबून घट्ट झालेली लाल माती उतरत उतरत पाण्याशी येते आणि तशीच आत जाते. थोडी पाण्याखालीही दिसते, मग हिरवट होते, मग दिसत नाही. पहिल्या दिवशी मी ते बघून जागच्या जागी उभी राहिले. घर बुडालेलं, शेत बुडालेलं मी बघितलं होतं. रस्ता कुठेतरी जायला निघालेला आणि बुडालेला, असं कधी बघितलं नव्हतं.

बाबा माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी खाणीच्या मधोमध हात दाखवला. तिथे नुसतं पाणी होतं, वाऱ्याने सुरकुतलेलं.

"हय माजो ट्रक उबो रवायचो," ते म्हणाले. "हय म्हणजे वर न्हय. खाली. खूप खाली."

मग हसले. मला हसू आलं नाही.

बुडालेल्या होड्या सुरक्षितपणे वर कशा काढायच्या, याचं शिक्षण देणारा तो वर्ग होता. शापोरा नदीत चोपड्याच्या बाजूला बऱ्याच होड्या बुडून पडल्या होत्या. मासे पकडणाऱ्यांची जाळी त्यांच्यात अडकून फाटत होती. बाहेरचे पाणबुडे आणण्यापेक्षा इथल्याच, पाण्यात मुरलेल्या माणसांना शिकवावं, असं ठरलं. शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक सर आले. ते हिंदी आणि इंग्रजी बोलत. शिकणारे आमच्याकडचे, कोण पेडण्याचे, कोण डिचोलीचे, कोण आमच्यासारखे मूळचे सिंधुदुर्गातले. सरांचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात मालवणी बोलणारी, तेव्हा बिनकामाची घरी बसलेली होते. मला घेतलं.

शिकणाऱ्यांत माझे बाबा असणार हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी तिथे असणार हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं. सगळ्यांदेखत त्यांनी मला हात जोडून "नमस्कार मॅडम" केला, तेव्हा कारापूरचा एक जण हसून खाली बसला. विहिरीत पडलेले पंप काढून देणं हा त्याचा धंदा. त्याची जीभ कधी गप्प बसत नसे.

"गो बाय," तो मला म्हणाला, "बापायक नापास करशी जाल्यार घरांत जेवण कोण घालतलो तुका?"

मी सरांच्या मागे जाऊन उभी राहिले. अशांना मी सहसा उत्तर देत नाही.

माझ्याकडे दुसरंही एक काम होतं, आणि खरं सांगायचं तर तेच मोठं होतं. पाण्यावर पिंपांचा एक तराफा बांधला होता. माणसं खाली गेली की मी त्यावर बसून बुडबुडे बघायचे. सिलिंडरची हवा घेऊन खाली गेलेला माणूस श्वास सोडतो तेव्हा बुडबुडे वर येतात. एक झुबका, थोडा खंड, दुसरा झुबका. बुडबुडे येत आहेत म्हणजे माणूस ठीक आहे. खंड लांबला तर सरांना सांगायचं. बोलण्यापेक्षा बघायचं काम मला नेहमीच सोपं जातं, म्हणून मला ते आवडलं.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं.

ते सावंतवाडीकडून तरुणपणी या खाणीवर आले, आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, शेवटी स्वतःचा ट्रक. खाण बंद पडली तेव्हा ट्रक विकून चोपड्याला रेतीच्या होडीवर लागले आणि पुढे स्वतःची होडी घेतली. रेतीचं काम असं की नदीच्या तळात एक लांब बांबू रोवायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, बाल्दी घेऊन बांबू धरत खाली जायचं, बाल्दी रेतीने भरायची आणि बांबू धरत वर यायचं. दिवसभर. सिलिंडर नाही, नळी नाही. हे मला ऐकून माहीत होतं. बघितलं नव्हतं एकदाही. मी शाळेच्या बसने जायचे तेव्हा ते आधीच गेलेले असत. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा डोळे लालभडक असत आणि कान वाहत असत. आई लसणीचं तेल कोमट करून त्यांच्या कानात घालायची. एकदा शाळेत पालकांना बोलावलं होतं, तेव्हा माझ्या वर्गातल्या एकीच्या आईने त्यांचे डोळे बघून आपल्या मुलीला माझ्या बाकावरून उठवून दुसरीकडे बसवलं. तिला वाटलं पिऊन आले आहेत. बाबांना ते कळलं की नाही मला माहीत नाही. कमी ऐकू येत असल्यामुळे ते मोठ्याने बोलत, आणि त्यामुळे तर ती समजूत पक्कीच झाली असणार.

रेतीचं काम बंद झालं. होडी काठाला बांधून ठेवली. एका पावसाळ्यात ती भरली आणि बुडाली. आता ती तळात चिखलात रुतली होती, आणि तिथून होडीने जाणारा प्रत्येक माणूस बाबांना शिव्या घालत होता. ती वर काढा, नाहीतर तुकडे करून काढू, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. बाबांना तुकडे नको होते. वर्गाचा शेवटचा धडा म्हणून चोपड्याच्या होड्या काढायच्या होत्या, आणि त्यात पहिली आपली, सगळीच्या सगळी, आपल्या हाताने काढायची, म्हणून ते आले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण मला माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

होडीबाबत त्यांची एक गोष्ट होती. पाण्यातून होडी वर ओढताना, किनाऱ्याला लागायच्या आधी, घरच्या माणसाचा हात तिच्या नाळेवर हवा. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. परक्याच्या हाताने होडी घरी येता कामा नये. लहानपणी पावसाच्या आधी होडी वर काढायची असली की मी बघायचे, दहा माणसं दोर ओढत असत आणि बाबा एका बाजूने नाळेवर हात ठेवून चालत असत, नवरीमुलीला आणावं तसे.

वर्गात दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सरांनी फुग्याचा प्रयोग केला. साधा पोरांचा लाल फुगा घेऊन ते खाली गेले, तिथे सिलिंडरच्या हवेने तो फुगवला, तोंड बांधलं आणि सोडून दिला. आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो. फुगा वर येताना मोठा होत गेला. पाण्याच्या वर येता येता फट्ट. लाल रबराचं एक चिंधूक तरंगत राहिलं.

सर वर आले आणि म्हणाले, "ये तुम्हारा फेफड़ा है."

मी ते सांगितलं. मग सर समजावत गेले आणि मी सांगत गेले. खाली, दाबाखाली हवा भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलात, तर ती हवा आत फुगते. तिला बाहेर जायला वाट हवी. म्हणून सिलिंडरबरोबर असताना श्वास कधीही धरायचा नाही. वर येताना तर नाहीच. गुणगुणत या, हूं करत या, काहीही करा, पण हवा सोडत या. आणि होडी हलली की तिच्यावरचा हात सोडायचा, लांब जायचं. चिखल सुटला की ती कशी उसळेल हे कुणीच सांगू शकत नाही. सरांनी शिट्टी वाजवल्याशिवाय होडीला कुणी हात लावायचा नाही.

बाबांनी हात वर केला. "मॅडम, सरांका सांगा, आम्ही बाल्दी भरून वर येयपर्यंत कधी श्वास सोडूक नाय. इतकी वर्सा. आमचा काय फुटूक नाय."

मी सांगितलं. सर म्हणाले, तेव्हा तुम्ही वरची हवा घेऊन खाली जात होता. ती खाली आकसायची आणि वर येताना परत होती तेवढी व्हायची. आता तुम्ही खालची हवा घेणार. ही वेगळी हवा आहे.

"हवा ती हवा," बाबा पुटपुटले.

कारापूरवाला म्हणाला, "आरे दादा, तुजें पोट बरें, तूं फुटलो जाल्यार अर्दी खाण भरतली."

सगळे हसले. बाबाही हसले.

मग ते पहिल्यांदा सिलिंडर घेऊन खाली गेले आणि मी तराफ्यावर बसले. खाणीच्या कडेला पायरीसारखा एक सपाट टप्पा होता, त्याला खाणीतले लोक बेंच म्हणत. त्यावर साताठ पुरुष खोल पाणी होतं. खाली सराव करायची होडी चिखल भरून ठेवली होती. माणसं खाली गेली. बाकीच्यांचे बुडबुडे आले, झुबका, खंड, झुबका. एका जागी एक झुबका आला आणि पुढे काहीच नाही. पाणी नुसतं हलत होतं. मी वाट बघितली. बाजूच्यांचे झुबके येत राहिले, ती एक जागा मोकळी. मला आधी कळलंच नाही काय होतंय. मग एकदम कळलं. हे बाबा होते. हे असे राहायचे ते. मी शाळेत कविता पाठ म्हणत असायचे तेव्हा ते असे, इतका वेळ, तळाशी बसलेले असायचे, आणि वर होडीत बसलेला माणूस त्यांचा बांबू बघत असायचा. मी "सर!" म्हणून ओरडले. माझा आवाज एवढा मोठा असू शकतो हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

सरांनी तराफ्याला टांगलेली लोखंडी कांब हातोडीने वाजवली. वर या, अशी ती खूण. पाण्यात आवाज लांब जातो. मोकळ्या जागेत एकदम मोठा झुबका फुटला आणि बाबा वर आले, मास्क कपाळावर सारून.

"काय झाला?" ते म्हणाले. "कोणाक काय झाला?"

त्यांना कळलंच नव्हतं. सरांनी त्यांना बाजूला नेलं. मला बरोबर नेलं, भाषेसाठी. परत असं झालं तर वर्गातून काढणार, असं सर म्हणाले. ते मी माझ्या तोंडाने बाबांना सांगितलं. वाक्य सांगून झाल्यावर मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पायांची बोटं पाण्याने पांढरी, सुरकुतलेली होती.

"सांग त्यांका," बाबा म्हणाले, "मी शिकतंय."

आणि ते शिकले. हे मला कबूल करायला हवं, कारण नंतर काही लोक म्हणाले, म्हातारा हट्टी होता. हट्टी नव्हते. घरी मी बघायला लागले तेव्हा कळलं की हे किती अवघड आहे. गॅसचं सिलिंडर उचलताना ते श्वास धरत. सुईत दोरा ओवताना धरत. आईने टेबलावर ठेवलेला गरम उंडो, इथला कडक गोल पाव, फोडतानाही धरत. ओझं आलं, नाजूक काम आलं, भीती आली की त्यांची छाती बंद व्हायची, दार ओढल्यासारखी. मग मी हळूच म्हणायचे, "बाबा, हूं." ते "हूंऽऽ" करत सिलिंडर उचलायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय ता, घरात भोवरो सोडलो काय?" आम्ही तिघं हसायचो. मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

नंतर बरेच दिवस त्यांचे बुडबुडे नीट आले. मी गावातल्या नळाला पाणी येतंय की नाही बघावं तशी सहज बघायला लागले होते.

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी सरावाची होडी पूर्ण वर आणायची होती. तिच्याखालून पट्टे घातले होते. पट्ट्यांना हवेच्या दोन मोठ्या पिशव्या बांधल्या होत्या. माणसं त्यांना फुगेच म्हणत. नळीने त्यात थोडी थोडी हवा भरत जायची, म्हणजे त्या होडीला उचलतात. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला कारापूरवाला. मी दोन जागा बघत होते. झुबका, खंड, झुबका. दोन्हीकडे. सर माझ्या मागे उभे.

पाण्याखालून चिखलाचा एक लाल ढग वर यायला लागला. "हिल गई," सर म्हणाले. आता दोघांनी हात सोडून लांब जायचं होतं. कारापूरवाल्याचे बुडबुडे सरकले, लांब गेले. बाबांचे तिथेच राहिले. मग ते थांबले.

मी सर म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात पिशव्या बाहेर उसळल्या, पिवळ्या, थबथबत्या. मग होडीची नाळ वर आली, आणि नाळेवर बाबांचा हात. हातामागून बाबा.

काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हसत होते. असं हसणं मी त्यांच्या तोंडावर फार कमी वेळा बघितलं होतं. त्यांनी मास्क वर केला आणि माझ्याकडे बघितलं, बघ, म्हटल्यासारखं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस होता. त्यांनी तो हाताच्या पाठीने पुसला, पान खाल्लेलं असावं तसा. परत आला.

"बाबा," मी म्हटलं.

ते तराफ्याला धरायला डावा हात उचलायला गेले. हात उचललाच गेला नाही. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. मग पाण्यात बुडालेल्या त्या रस्त्याकडे बघितलं आणि शांतपणे, अगदी रोजच्यासारखं मला विचारलं,

"ट्रक खय लावलंय मी?"

मला आजही त्या वाक्याची भीती वाटते. त्यानंतर जे झालं त्यापेक्षा जास्त.

पुढचं सगळं सरांनी केलं. बाबांना फळीवर सपाट झोपवलं, तोंडाला ऑक्सिजन लावला, गाडीत घातलं. कारापूरवाला भिजलेला, तसाच गाडीत चढला आणि सगळा वेळ बाबांचे पाय मांडीवर घेऊन बसला. त्याचं ते गप्प बसणं मला जास्त घाबरवत होतं. मी ऑक्सिजनचा मास्क धरून होते. मास्कवर वाफ यायची आणि जायची. मी तेच बघत होते. झुबका, खंड, झुबका.

फुप्फुसातली हवा रक्तात शिरून डोक्यात गेली की दाब देऊन माणसाला बरं करायची एक खोली असते. खोली म्हणजे लोखंडी टाकी, पाण्याच्या टँकरसारखी आडवी, बाजूला जाड काचेची छोटी गोल जनेलं, म्हणजे खिडक्या. बाबांना आत ठेवलं. एक माणूस आत त्यांच्याजवळ बसला. बाहेरून बोलायला फोन होता. तिथल्या डॉक्टरांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, बोलत राहा. काय उत्तर देतात त्यावरून आम्हाला कळेल.

मला बोलायला सांगितलं. जगात दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. आईला फोन केलाय, ती येतेय. मांजराने परत तुमच्या चपलेवर पिल्लं घातलीत. सर बाहेर बसलेत. काचेतून त्यांचा उघडा डोळा दिसत होता. ते नुसते "हूं" म्हणत होते, आणि ते हूं उत्तर आहे की नुसती सवय, मला कळत नव्हतं. शेवटी मी विचारलं,

"बाबा, ट्रक खय आसा?"

काचेमागचा डोळा माझ्याकडे वळला.

"खयचो ट्रक?" ते म्हणाले, चिडून. "ट्रक इकून किती वर्सा झाली. तुका काय झाला गो?"

मी फोन डॉक्टरांच्या हातात दिला आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले. कारापूरवाला धावत आला. त्याला वाटलं वाईट बातमी. मी मान हलवली, नाही, नाही. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि रडायला लागला. त्याला रडताना बघून मी थक्क झाले आणि त्यामुळे मला रडता आलं नाही.

हात परत आला. टोकाची दोन बोटं सोडून. ती अजून बधिर आहेत, तवा चटका देतो ते त्यांना कळत नाही. सरांनी खोदून विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, होडी हलली तसा हात आपोआप नाळेवर गेला. ती होडी त्यांची नव्हती. भंगारातून आणलेली होती, कुणाचीच नव्हती. "म्हणानच," ते म्हणाले. "तिका घरचा कोण आसा?" आणि ती उसळल्यावर छाती बंद झाली, तीही आपोआप. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. सर मान खाली घालून बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा पाण्याखाली जायचं नाही. सिलिंडर घेऊन नाही, सिलिंडरशिवायही नाही. कधीच नाही. आईने घरी पोचल्या पोचल्या त्यांची पाण्यात घालायची चड्डी फाडून पोतेरं केलं. बाबांनी ते पोतेरं रोज फरशीवर फिरताना बघितलं, काही बोलले नाहीत. एकदाच, जेवताना, म्हणाले, "मगे होडी कोण काढतलो?"

आईने त्यांच्या ताटात भात वाढला.

चोपड्याला होड्या काढायचा दिवस आला. बाबा येणारच होते, ते थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. आईने मला दारात बाजूला घेतलं. "तो पाण्यात गेलो तर माका तोंड दाखव नको," ती म्हणाली. मोठ्याने नाही. त्यामुळे जास्त लागलं.

सरांनी त्या दिवशी बुडबुडे बघायला दुसऱ्याला बसवलं आणि मला काठावर बाबांजवळ उभं केलं. पाणी उतरलं होतं. काठाला बरीच माणसं जमली होती, शिव्या घालणारेही त्यात होते. एका दुकानदाराने बाबांसाठी खुर्ची आणली. ते तिच्यात बसले नाहीत. खाली कारापूरवाला आणि दुसरा एक जण गेले होते. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, होडी सरळ आली तर ठीक, मधे अडकली आणि धोका वाटला तर ते ती खालीच कापणार. माणूस आधी. बाबांनी हे ऐकून मान हलवली होती.

चिखल सुटायला खूप वेळ गेला. मागची बाजू हलेना. सरांनी हातोडी घेतली, कापायची खूण करायला. बाबा पुढे सरकले. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ते नदीकडे बघत चालत होते, आपण चालतोय हे माहीत नसल्यासारखे. कुणी त्यांना हाक मारली नाही. सगळ्यांना वाटलं असेल, त्याचीच होडी आहे. पाणी त्यांच्या कंबरेला आलं तेव्हा मी त्यांच्या मागे पाण्यात होते आणि त्यांच्या शर्टाची पाठ माझ्या मुठीत होती.

"बाबा, फुडे नको."

ते थांबले. वळले नाहीत.

"मी नुसतो हात लावतलंय," ते म्हणाले.

"मी लावतंय," मी म्हटलं. सगळा गाव बघत होता, माझे कान गरम झाले होते, पण मूठ सोडली नाही. "घरचो हात लागाक व्हयो ना? मी लावतंय. तुमी हयच रवा."

तेवढ्यात तिकडे पाणी काळं झालं. होडी सुटली होती. दोन्हीकडचे बुडबुडे लांब सरकले, नीट, शिकवल्यासारखे. पिवळ्या पिशव्या वर आल्या, आणि त्यांच्यामधे हळूहळू, चिखल ओकत, बाबांची होडी. तिची नाळ आधी. मुठीतला शर्ट ताणला गेला होता आणि आत काही हलत नव्हतं. मी बाजूला येऊन बघितलं. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. छाती भरलेली आणि बंद. कधीपासून, कोण जाणे.

"बाबा, हूं," मी म्हटलं. "सोडा."

त्यांनी श्वास सोडला. इतका मोठा की बाजूला उभा असलेला माणूस वळून बघायला लागला.

सरांची शिट्टी वाजली. मी पुढे गेले. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं, ओढणी वर तरंगायला लागली. कारापूरवाला डोकं बाहेर काढून नाळेचा दोर धरून होता. त्याने दोर थोडा सैल करून होडी माझ्याकडे वळवली. मी नाळेवर हात ठेवला. लाकूड गार होतं आणि मऊ. नको तितकं मऊ. मी दाबलंही नव्हतं, तरी अंगठा आत गेला, भिजलेल्या पावात जावा तसा. मी अंगठा बाहेर काढला आणि त्याच जागेवर तळहात ठेवला, म्हणजे दिसू नये.

"कशी आसा?" मागून बाबांनी मोठ्याने विचारलं.

होडी सगळीच्या सगळी वर आली होती, एकही तुकडा न होता. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. मी वळले. ते कंबरभर पाण्यात, मी सोडलं होतं तिथेच उभे होते.

"मऊ झाली हा, बाबा," मी म्हटलं. "सगळी."

त्यांनी ऐकलं. त्यांच्यापर्यंत पोचलं हे मला कळलं, कारण त्यांचा चेहरा बदलला नाही. छाती वर गेली आणि तिथेच थांबली. मी होडीवरचा हात काढला नाही आणि त्यांच्यावरची नजरही नाही. छाती कधी खाली येते ते बघत मी पाण्यात उभी राहिले.